ठेकेदाराने अडीच महिन्यांचा पगार थकवला, ११ कामगार आहोत. तक्रार करायची की दावा?

चाकण_फॅब्रिकेशन:
चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या शेडमध्ये ठेकेदारामार्फत काम करणारे आम्ही ११ जण. ८ वेल्डर-फिटर, २ हेल्पर, १ सुपरवायझर. डिसेंबर २०२५, जानेवारी २०२६ आणि १३ फेब्रुवारीपर्यंतचा पगार मिळालेला नाही. १३ तारखेला संध्याकाळी "उद्यापासून येऊ नका" असं तोंडी सांगितलं. ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल अडवलंय, सुटलं की देतो. कंपनीचा एचआर म्हणतो तुम्ही आमचे नाहीतच. नेमणूकपत्र कोणाकडेच नाही, पण नोव्हेंबरपर्यंत पगार बँकेत जमा व्हायचा. वेल्डरला रोज ७०० रुपये, सुपरवायझरला महिना ३२,०००. चौघं परभणीला गावी निघालेत.
सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्यायचा की थेट केस करायची? वकिलाचा खर्च परवडणारा नाही. आणि कंपनीला यात ओढता येतं का?

हिशेब_पूर्ण:
तक्रार वेगळी, दावा वेगळा. यातच बहुतेकांचे महिने वाया जातात.
तक्रार म्हणजे कामगार अधिकाऱ्याला दिलेला अर्ज. ते दोन्ही बाजूंना बोलावतात, समजावतात. मालक ऐकणारा असेल तर तिथेच पैसे सुटतात. पण तो तीन तारखांना आलाच नाही, तर तुमच्या हातात वसुलीचा आदेश नसतो.
दावा म्हणजे वेतन संहिता, २०१९ च्या कलम ४५ खालचा अर्ज. तो ऐकणारा प्राधिकारी थकलेली रक्कम ठरवतो, वर भरपाई देऊ शकतो (दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत) आणि मालकाने भरलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवतो. ती रक्कम मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तक्रार जरूर द्या, पण तिच्यावर थांबून राहू नका. महिनाभरात पैसे आले नाहीत तर दावा टाकाच.
संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि तुमची सगळी थकबाकी त्यानंतरची आहे, त्यामुळे दावा टाकायची मुदत तीन वर्षांची. ज्यांची थकबाकी त्याआधीची आहे त्यांनी मात्र या तीन वर्षांवर विसंबू नये. जुन्या वेतन प्रदान कायद्यात १२ महिने होते, किमान वेतनाच्या दाव्याला ६ महिने. अशांनी आजच अर्ज करावा आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा.
सुपरवायझरला वेगळं काढू नका. जुन्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० ची मर्यादा होती, संहितेत पगाराची मर्यादा नाही. अकराही जणांचा एकच अर्ज चालतो. नोंदणीकृत कामगार संघटनेचे सभासद असाल तर तीही तुमच्या वतीने अर्ज करू शकते.
कधीचे पैसे कधी द्यायला हवे होते ते अर्जात तारखेने लिहा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, म्हणजे डिसेंबरचा ७ जानेवारीपर्यंत. कामावरून काढलं तर सगळा हिशेब कामाच्या दोन दिवसांत. तुमच्या बाबतीत शनिवार धरून १६ फेब्रुवारी.
कंपनीबद्दल: हो, ओढता येतं, आणि पहिल्याच अर्जात ओढा. ठेकेदार सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) क्रमांक १, कंपनी क्रमांक २. वेतन संहितेचं कलम ४३ सांगतं की मालकाने पगार दिला नाही तर कामगार ज्या आस्थापनेत काम करतो तिच्या धन्यावर जबाबदारी येते. शिवाय कंपनीत सगळ्या ठेकेदारांचे मिळून ५० किंवा जास्त कामगार असतील, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५५ प्रमाणे ठेकेदाराने न दिलेला पगार कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. "बिल अडवलंय" हे ठेकेदाराचं वाक्य तुमच्या कामाचंच आहे. त्याचा अर्थ त्याचे पैसे अजून कंपनीकडे आहेत. दावा निकाली निघेपर्यंत ते बिल आणि अनामत ठेकेदाराला सोडू नये, अशी मागणी अर्जात स्वतंत्र परिच्छेदात करा.

मस्टर_आणि_पुरावा:
कायद्याची बाजू वर आलीच आहे. दावे पडतात ते पुराव्यावर.
पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेच्या कलम ५९ प्रमाणे मालकावर आहे. पण तुम्ही तिथे कामाला होता हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून "हे आमचे नाहीतच" हा बचाव सगळ्यात आधी येतो.
नेमणूकपत्र नाही म्हणून घाबरू नका. सगळ्यात भक्कम कागद म्हणजे पीएफचं पासबुक. यूएएन (तुमचा पीएफ क्रमांक) टाकून उतरवा, त्यात आस्थापनेचं नाव, महिना आणि कोणत्या पगारावर पीएफ भरला ते छापलेलं असतं. ईएसआयसीचा (कामगार राज्य विमा) विमा क्रमांक असेल तर तोही काढा. मग बँकेचं स्टेटमेंट, ठेकेदाराकडून आलेल्या एनईएफटीच्या नोंदींवर खूण करून. सुपरवायझरचा टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) कापला असेल तर आयकराच्या फॉर्म २६एएसमध्ये कापणाऱ्याचं नाव दिसतं. त्यानंतर गेट पास, हेल्मेट-बूट घेतल्याची सही, वेल्डिंग रॉड काढल्याच्या स्लिपा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली रोजची हजेरी.
व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, प्रिंट काढा, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. ग्रुपवरून तुम्हाला काढून टाकण्याआधी हे करा.
गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं. म्हणून या आठवड्यातच कंपनीला पत्र पाठवा: डिसेंबर ते १३ फेब्रुवारीची बायोमेट्रिक हजेरी, गेट नोंदवही आणि चित्रण जपून ठेवावं. प्राधिकाऱ्याला कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तेव्हा हे पत्र कामी येतं. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, बंदच जोडा. तो शेरा हाच पुरावा.
हिशेब प्रत्येकाचा वेगळा तक्ता करून. उदाहरणार्थ एक वेल्डर:
डिसेंबर २६ दिवस × ७०० = १८,२००
जानेवारी २४ दिवस × ७०० = १६,८००
फेब्रुवारी ११ दिवस × ७०० = ७,७००
ओव्हरटाइम ३८ तास × १७५ = ६,६५०
वजा उचल ५,०००
बाकी ४४,३५०
ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो: ७०० भागिले ८ म्हणजे ताशी ८७.५०, त्याचे दुप्पट १७५. आणि उचल लपवू नका. ठेकेदार सहीचं व्हाउचर दाखवतो आणि त्या पाच हजारांपायी बाकीच्या खऱ्या हिशेबावरही शंका येते. हेल्परचा रोज त्या उद्योगाच्या किमान वेतनापेक्षा कमी निघत असेल तर फरकही मागा.
परभणीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी आपापलं प्रतिज्ञापत्र आणि इथे राहणाऱ्या एका साथीदाराच्या नावे अधिकारपत्र करून द्यावं. नाहीतर दोन तारखांना कोणी हजर नाही म्हणून दावा काढून टाकला जातो. तसं झालंच तर कारण देऊन तो पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज लगेच करावा, महिने जाऊ देऊ नयेत.

विधी_सेवा_मदत:
वकिलाच्या खर्चाचं: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही नाही. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तुम्हाला राजगुरुनगरच्या न्यायालयातली तालुका समिती जवळ पडेल. आधार कार्ड, पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट आणि वरचा तक्ता घेऊन जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा मोफत क्रमांक आहे.
नेमलेला वकील पैसे मागू लागला तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. "वसुलीतले २५ टक्के द्या" म्हणणारे मध्यस्थ कामगार कार्यालयांच्या बाहेर भेटतात, त्यांच्याकडे मूळ कागद कधीही देऊ नका.

चाकण_फॅब्रिकेशन:
सगळ्यांचे आभार. पीएफ पासबुकं काढली, ९ जणांची निघाली. नोव्हेंबरपर्यंत ठेकेदाराचं नाव आहे, डिसेंबरपासून भरणाच नाही.
आज ठेकेदाराचा फोन आला. एकूण रकमेच्या ६० टक्के देतो म्हणतो, तीन महिन्यांच्या तीन चेकांनी, पण आधी "फुल अँड फायनल, काही येणं बाकी नाही" अशा कागदावर सही हवी. घ्यावं का?

हिशेब_पूर्ण:
त्या कागदावर सही नको. पहिला चेक वटला नाही तरी तुमच्याच सहीने "येणं बाकी नाही" हे तो दाखवणार. इतक्या लवकर ६० टक्क्यांवर आला याचा अर्थ त्याला कंपनीकडून बिल सोडवायचंय आणि तुमचा दावा त्याला आड येतोय.
तडजोड करायचीच तर कामगार अधिकाऱ्यासमोर, लेखी. त्यात पूर्ण थकबाकीचा आकडा मान्य केलेला असावा. प्रत्येक चेकचा क्रमांक, तारीख, बँक लिहिलेली असावी. एकही चेक परत आला तर पूर्ण रक्कम लगेच देय होईल हे वाक्य हवं. कंपनीची सहीही घ्या. दावा मागे घ्यायचा तो शेवटचा चेक वटल्यावरच.
चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ ची फौजदारी तक्रार. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायला हवा, "थोडं थांबा" ऐकत बसू नका.
डिसेंबरपासूनच्या पीएफची तक्रार भविष्य निधी कार्यालयाकडे वेगळी करा, ती या दाव्यात मिसळू नका.

वसुली_तहसील:
आदेश मिळाल्यावर पुढे काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदाराकडे येतो आणि तिथे पडून राहतो, कारण त्यावर ठेकेदाराचा फक्त भाड्याच्या खोलीचा पत्ता असतो. जप्त काय करायचं हेच तहसीलला माहीत नसतं.
ही माहिती आत्ताच गोळा करा, ठेकेदार सावध होण्याआधी. त्याच्या ज्या खात्यातून तुम्हाला पगार यायचा ती बँक आणि मिळाल्यास खाते क्रमांक. जीएसटी पोर्टलवर त्याचा क्रमांक टाकून नोंदलेला पत्ता. टेम्पोचा नंबर. वेल्डिंग मशिनं सध्या कोणाच्या शेडमध्ये आहेत ते. गावी जमीन असेल तर गट नंबर. एका कागदावर लिहून दाखल्यासोबत तहसीलमध्ये द्या आणि पोच घ्या.
कंपनीवरही आदेश झाला असेल तर हे सगळं बहुधा लागणारच नाही, तिच्या शेडचा पत्ता हलत नाही. म्हणून पहिल्या अर्जात सामनेवाला क्रमांक २ सोडू नका. सही करण्याआधी अर्जाच्या पहिल्या पानावर कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि भूखंड क्रमांक बरोबर टाइप झालाय का ते बघा. नावात "प्रायव्हेट लिमिटेड" राहिलं तरी नोटीस परत येते आणि पुढची तारीख पडते.