शेवट आधीच कळला! तुमचा अनुभव काय?

गेल्या आठवड्यात वाचनालयातून एक रहस्यकथा आणली. चाळिसाव्या पानावर कंपाउंडरचा पहिल्यांदा उल्लेख आला आणि शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'हाच खुनी'. खाली दोन ठळक रेघा. पुढची दीडशे पानं वाचली खरी, पण नुसतं त्या कंपाउंडरवर लक्ष ठेवून. माझी तरी मजा गेली. तुमच्या बाबतीत असं काही झालंय का? सविस्तर लिहा.

—

आमच्या सिंधुदुर्गात शेवट माहीत असतोच. जत्रेत दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि देवळासमोर बसलेल्या पोरांनाही आख्यान ठाऊक असतं. कोण मरणार, कोणाला उःशाप मिळणार, सगळं. तरी पहाटेपर्यंत कोणी हलत नाही, कारण संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की आजोबा मला कोपराने ढोसायचे, "आता आयक!" त्या रात्रीची जुगलबंदी पुन्हा तशी ऐकायला मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

—

'सैराट' आला तेव्हा, 2016 साली, ऑफिसात एकीने डबा खाता खाता शेवट सांगून टाकला. (मी तो इथे सांगणार नाही.) शनिवारी नवऱ्याबरोबर गेले. हैदराबादला त्या दोघांचा संसार हळूहळू उभा राहतो, ते बघून नवरा खुशीत होता आणि माझ्या पोटात गोळा. शेवटी पडद्यावरचा आवाज थांबला, अख्खं थिएटर सुन्न. नवरा रडत होता, माझे डोळे कोरडे. सगळ्यांबरोबर हादरायचा माझाही हक्क होता. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

—

माझी आई शेवटचं पान आधी वाचते. बाबा गेल्यापासून. "कोण राहतंय ते कळू दे, मग निवांत वाचते," म्हणते. पूर्वी मी चिडायचो. पण 'स्वामी' तिने तीनदा वाचलंय, आणि माधवराव 1772 साली थेऊरला गेले हे तर आपण शाळेतच शिकतो. दर वेळी ती शेवटच्या प्रकरणापाशी दोन दिवस थांबते. पुस्तक उशाशी, चष्मा त्यावर.

—

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी 12 लघुकथांवर हेच तपासलं होतं, 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा! नंतर इतरांच्या प्रयोगांत उलटही निघालं. मला स्वतःला दुसऱ्या वाचनात जास्त आनंद मिळतो, लेखकाने कुठे काय पेरलंय ते दिसतं. पण पहिलं वाचन कोणी हिरावून घेऊ नये.

—

(धागाकर्ता) सगळ्यांचे आभार. वरच्या आईंनी शेवटचं पान स्वतः उघडलं, माझ्यासमोर ते कोणीतरी आणून टाकलं. मला तो फरक फार मोठा वाटतो. आज पुस्तक परत करताना ती ओळ खोडरबराने पुसली. रेघांचा वळ राहिलाय, पण उजेडात तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही.