गोळी कोणी झाडली, एवढ्याने कबुली अवैध ठरत नाही

गोळी आपण झाडलीच नाही असे आरोपी सांगत असेल, तर त्याने न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली आपोआप अवैध ठरते, या मताशी मी सहमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ‘ब्रॅडशॉ विरुद्ध स्टम्फ’ या ओहायोतील खटल्यात नेमका हाच प्रश्न हाताळला. दरोड्याच्या वेळी घरातील पतीवर गोळी झाडल्याचे आरोपी स्टम्फने मान्य केले होते, मात्र पत्नीवर आपण गोळी झाडल्याचे त्याने नाकारले होते. साथीदार म्हणूनही तो पत्नीच्या खुनाला जबाबदार ठरू शकत असल्याने गोळी कोणाची हे निर्णायक नव्हते. निर्णायक होता तो जीव घेण्याचा हेतू, आणि गुन्ह्याचे घटक वकिलांनी समजावल्याचे नोंदीवरून दिसत असल्याने न्यायालयाने कबुली वैध मानली.

माझी खरी अस्वस्थता पुढची आहे. स्टम्फच्या प्रकरणात पत्नीवर गोळी त्यानेच झाडल्याचे म्हणणाऱ्या सरकारी पक्षाने त्याच्या कबुलीनंतर साथीदाराच्या खटल्यात, पत्नीवर गोळी झाडणारा तो साथीदारच होता, असा युक्तिवाद केला. या विसंगतीने कबुली बाधित झाली नाही, हे मला पटते; पण फाशीची शिक्षा ठरवताना ‘प्रत्यक्ष मारेकरी कोण’ याला फार वजन असते, आणि म्हणूनच शिक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.