घरगुती सीएनसी लेथ: सर्व्हो ड्राइव्ह आणि कंट्रोलर कोणता घ्यावा?

टर्निंगवेडा:
जुन्या बेंच लेथचा बेड आणि हेडस्टॉक तसाच ठेवून त्यावर सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रणा) करतोय. झेड (लांबीचा अक्ष) आणि एक्स (आडवा अक्ष), दोन्हींना 5 मिमी पिचचे, म्हणजे फेरीला 5 मिमी सरकवणारे, बॉलस्क्रू बसवलेत. स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या दांड्याला) तीन फेजची मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे. गाडी अडलीय ती इलेक्ट्रॉनिक्सवर. झेडला 750 वॉट आणि एक्सला 400 वॉट एसी सर्व्हो (आपली जागा मोजत चालणारी मोटर) घ्यायचा विचार आहे. पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचा) जुना पीसी पडून आहे, त्यावर भागेल का? मला मुख्यतः स्टीलमध्ये एम 10 ते एम 24 आटे पाडायचेत.

बॉलस्क्रू:
आटे पाडायचेत म्हणालात ना, मग आधी स्पिंडलचा एन्कोडर (तो किती फिरला ते पल्सने सांगणारा सेन्सर) ठरवा. सर्व्होचं नंतर बघू. मिलिंगमध्ये स्पिंडल नुसता फिरला तरी चालतं. लेथवर आटे पाडताना झेडला स्पिंडलच्या मागे कोनाकोनाने चालावं लागतं. आटा एका पासात होत नाही, आणि प्रत्येक पास त्याच खाचेत पडला पाहिजे. त्यात टूल लोखंडात शिरलं की स्पिंडलचा वेग थोडा पडतोच. कंट्रोलर फेरीला एकच पल्स मोजत असेल, तर फेरीच्या अधेमधे काय झालं हे त्याला कळतच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर आणि पीसीला जोडायचं मेसाचं 7आय76ई कार्ड. लिनक्ससीएनसीत जी33 आणि जी76 या आटे पाडायच्या कमांडला झेड थेट स्पिंडलच्या पोझिशनला बांधला जातो. वेग कमीजास्त झाला तरी पिच हलत नाही. कार्डावर स्पिंडल एन्कोडरचं इनपुट आणि व्हीएफडीसाठी अ‍ॅनलॉग आउटपुट आहे, पाच अक्षांचे स्टेप-डायरेक्शन (किती आणि कुठल्या दिशेला चालायचं ते सांगणारे पल्स) आउटपुटही आहेत.

पॅरलल पोर्टचा नाद सोडा. 1024 लाइनचा एन्कोडर म्हणजे लाइनला चार धरून फेरीला 4096 काउंट. 3000 आरपीएमला सेकंदाला दोन लाखांच्या वर जातात. सॉफ्टवेअरने एवढे मोजणं त्या पीसीला झेपणार नाही. सर्व्होचंही तेच. 5 मिमीला 5000 पल्स, म्हणजे पल्सला 1 मायक्रॉन धरलं, तर मिनिटाला 6 मीटर रॅपिडला (न कापता जलद सरकण्याला) 100 किलोहर्ट्झ लागतात. एक्सला मी 5 मिमीला 10000 पल्स ठेवेन, कारण तिथली चूक व्यासात दुप्पट दिसते. ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये (फेरीला किती पल्स ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) हे आकडे बसवता येतात.

आता वॉट. 400 वॉटच्या सर्व्होचा रेटेड टॉर्क 1.27 न्यूटन-मीटर. 5 मिमी पिचवर साधारण 1400 न्यूटन, म्हणजे जवळपास 140 किलोचा रेटा मिळतो. बेंच लेथला झेडलाही तेवढा पुरे. एम 24 ची पिच 3 मिमी. 600 आरपीएमला झेड मिनिटाला 1.8 मीटर चालेल, सर्व्हो फक्त 360 आरपीएमला. 750 मधून वाचलेले पैसे चांगल्या एन्कोडरला लावा.

जडत्वाची चिंता असेल तर गणित करून बघा. 20 मिमी व्यासाच्या 600 मिमी स्क्रूचं मोटरला जाणवणारं जडत्व 40 किलोच्या कॅरेजपेक्षा (टूल घेऊन सरकणाऱ्या भागापेक्षा) जास्त भरतं. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

टर्निंगवेडा:
मनापासून आभार. मग दोन्ही 400 वॉट. पण स्पिंडलचं भोक मोकळं ठेवायचंय, लांब बार मागून आरपार जातो. एन्कोडर लावू कुठे?

बॉलस्क्रू:
स्पिंडलच्या मागच्या टोकाला टायमिंग पुली चढवा, तेवढ्याच दात्यांची पुली एन्कोडरला, आणि बेल्ट. प्रमाण 1:1 च हवं, कारण इंडेक्स (एन्कोडरची फेरी मोजायची खुणेची पल्स) फेरीला एकदाच आला पाहिजे. व्ही बेल्ट अजिबात नको, तो सरकतो. आट्याआधी 4-5 मिमी मोकळी जागाही सोडा, झेडला वेग पकडायला.

पॅनेलवायर:
एन्कोडर डिफरन्शियल लाइन ड्रायव्हरचाच (प्रत्येक सिग्नल दोन तारांच्या जोडीने पाठवणारा) घ्या, ए, बी आणि झेड (इथे अक्ष नव्हे, इंडेक्स) तिन्हींच्या जोड्यांसह. व्हीएफडीची मोटर केबल शील्डेड घ्या आणि एन्कोडरच्या केबलपासून लांब न्या. एकाच डक्टमधून दोन्ही नेल्या की खोटे काउंट येतात आणि दोष बिचाऱ्या कंट्रोलरवर जातो.

इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो. बटण दाबलं की सर्व्होची पॉवर आणि व्हीएफडीचा रन, दोन्ही रिलेनेच तुटले पाहिजेत. सर्व्होचे अलार्म काँटॅक्ट त्याच साखळीत घ्या, म्हणजे एक ड्राइव्ह बंद पडला की दुसराही थांबेल.

पहिला आटा पाडण्याआधी व्हीएफडी चालू ठेवून एन्कोडरचे काउंट बघा. लागोपाठच्या दोन इंडेक्समध्ये 4096 च आले पाहिजेत, कमी-जास्त एकही नको. मग जॉबवर अगदी हलका ओरखडा पास घ्या आणि तोच पास पुन्हा चालवा. दोन रेघा दिसल्या तर आधी पुलीचे ग्रब स्क्रू (पुली दांड्यावर पक्की धरणारे) आवळा, मग केबल तपासा.