एकाच एन्झाइमवर आयुष्य घालवणं परवडतं का?

नवखा_पिपेटर:
जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालोय. पीएचडीसाठी दोन जागा समोर आहेत: एक जीन एडिटिंगची, दुसरी चयापचयातल्या एका एन्झाइमवरची. मन दुसरीकडे ओढतंय, पण मित्र म्हणतात, "चयापचयाचा तक्ता भिंतीवर लागून जमाना झाला, त्यात आता काय उरलंय?" ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांनी सांगा. आणि दिवसभर नेमकं करायचं काय असतं?

जुनी_खोड:
एकतीस वर्षं हेच केलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे बोलायचा हक्क आहे.

आधी तक्त्याचं. कशाचं काय होतं एवढंच बाण सांगतो. किती वेगाने होतं, मध्ये कोण अडवतं, ते त्यावर लिहिलेलं नसतं. आयसोसिट्रेट डीहायड्रोजिनेज घे, परीक्षेपुरतं पाठ करायचं एन्झाइम. पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रेब्ज चक्रातल्या या एन्झाइमचा एक भाऊबंद पेशीद्रवात असतो. २००८-०९ मध्ये कळलं, की मेंदूच्या काही गाठींत त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि मग ते स्वतःचं काम सोडून २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ बनवत बसतं. त्याला अडवणारं औषध २०१८ मध्ये एका रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. तक्ता तेव्हाही भिंतीवरच होता!

आता दिवसभराचं. माझं पहिलं वर्ष सांगते. उंदरांच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, एफ-वन एटीपीएज वेगळं काढायचं होतं. एटीपी हे पेशीचं इंधन, आणि सुटं केलेलं हे एन्झाइम ते फोडतं. सकाळी सहाला कोल्डरूममध्ये, अंगात स्वेटर, सगळं काही बर्फावर. दुपारी मोजणी. एन्झाइम काम करेल तसा त्याला जोडलेला एनएडीएच हा पदार्थ संपत जातो; ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो संपेल तशी पेन-रेकॉर्डरची रेघ खाली उतरायला हवी, आणि ती छान उतरायची. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतले पन्नास मायक्रोलिटर घातले, की रेघ आडवी. असे चार महिने गेले. मी आपली आणखी बर्फ घालतेय.

शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने विचारलं, "बाहेर ठेवून बघितलंस का?" रागच आला. पण एटीपी घालून नळी रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी रेघ सरसर खाली. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला चिकटलेलं असेपर्यंत हे एन्झाइम थंडी सोसतं. सुटं केलं, की गारव्यात त्याचे घटक एकमेकांपासून विलग होतात. १९६० मध्येच छापून आलेलं होतं, माझ्या जन्माच्या आधी. मी वाचलं नव्हतं, इतकंच.

सेंट्रीफ्यूज:
चार महिने म्हणजे काहीच नाही! जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने यूरिएज या युरिया फोडणाऱ्या एन्झाइमचे स्फटिक मिळवायला १९१७ ते १९२६ अशी नऊ वर्षं घातली, तीही एका हाताने. दुसरा शिकारीतल्या अपघातात गेलेला. नोबेल मिळायला १९४६ उजाडलं.

अवांतर: थंडीचा विषय निघालाच आहे तर ट्रिस बफर, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर ठेवायला वापरतात ते द्रावण. पंचवीस अंशांना पीएच ७.५ लावून कोल्डरूममध्ये नेला, की चार अंशांना तो ८.१ च्या आसपास जातो. यात किती प्रबंध बुडालेत कोण जाणे.

नवखा_पिपेटर:
ताई, तीच तीच मोजणी करून कंटाळा नाही आला?

जुनी_खोड:
आला की. सगळं बिनचूक येत असलं की येतोच. गंमत असते ती न जुळण्यात. विकतच्या एटीपीमुळे पेशीच्या पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, असं काही लॅबना दिसत होतं. दुसरा कुणी असता तर बाटली बदलून मोकळा झाला असता. पण त्या मंडळींनी एटीपीतली भेसळ शोधून काढली आणि १९७७ मध्ये जाहीर केलं, की तो व्हॅनेडेट, म्हणजे व्हॅनेडियम धातूचा क्षार, आहे. फॉस्फेटच्या जागी जाऊन बसतो आणि पंप अडकतो. तेव्हापासून तो अशा पंपांच्या अभ्यासातलं रोजचं हत्यार झाला. तुझा स्वभाव बाटली बदलणारा असेल, तर खुशाल जीन एडिटिंगला जा. वाईट म्हणत नाहीये. त्यालाही माणसं लागतात.

जाण्याआधी एक कर. त्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याला गाठ आणि न जमलेल्या प्रयोगांची वही दाखवायला सांग. वहीच नसेल तर जाऊ नकोस.

नवखा_पिपेटर:
वही मागतो. @सेंट्रीफ्यूज, माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातला ट्रिस पंचवीस अंशांनाच लावला होता. आणि सगळी शुद्धीकरणं कोल्डरूममध्ये केली होती. आता काय करू?

सेंट्रीफ्यूज:
प्रबंध मंजूर झालाय ना? मग गप्प बस.