शब्दचर्चा: ‘कपटपूर्ण वित्तीय अहवालन’ आणि त्याची जोखीम

प्रश्न

लेखापरीक्षणाच्या प्रशिक्षणासाठी तयार होत असलेल्या एका मराठी पुस्तिकेचे भाषासंपादन माझ्याकडे आले आहे. तीत एका प्रकरणाचे शीर्षक ‘कपटपूर्ण वित्तीय अहवालन जोखीम मूल्यमापन’ असे आहे. पाच शब्द एकापुढे एक ठेवलेले आहेत, पण त्यांचा परस्परसंबंध दाखवणारा एकही प्रत्यय नाही. त्यामुळे कपट अहवालात आहे, जोखमीत आहे की मूल्यमापनात, हे शीर्षकावरून कळत नाही. पुढच्या मजकुरात याच गोष्टीसाठी कुठे ‘अफरातफर’, कुठे ‘घोटाळा’, तर कुठे ‘गैरव्यवहार’ असे शब्द आले आहेत. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का? येत नसतील, तर नेमका कोणता शब्द कुठे वापरावा? लेखापरीक्षक प्रत्यक्षात काय करतो हे नव्या वाचकाला कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

पहिला प्रतिसाद

हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. त्यांची सरमिसळ झाली, तर लेखापरीक्षकाने कुठे पाहायचे याचीच दिशा चुकते.

आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक २४० मध्ये लेखापरीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या कपटाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार म्हणजे वित्तीय विवरणपत्रे वाचणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून हिशेब जाणूनबुजून खोटे मांडणे. आणि दुसरा म्हणजे संस्थेची मालमत्ता लुबाडणे. मराठीतील ‘अफरातफर’ आणि ‘अपहार’ हे दोन्ही शब्द दुसऱ्या प्रकाराचे आहेत. आपल्या ताब्यात विश्वासाने सोपवलेला पैसा किंवा माल परस्पर स्वतःकडे वळवणे, हा त्यांचा अर्थ आहे, आणि त्यात काहीतरी संस्थेबाहेर गेलेले असते. खोट्या मांडणीत मात्र काही बाहेर जावे लागत नाही. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीचे उदाहरण घ्यावे. इतर कंपन्यांची दूरसंचार जाळी वापरल्याबद्दल दिलेले शुल्क हा तिचा चालू खर्च होता. तो भांडवली खर्च म्हणून, म्हणजे पुढच्या अनेक वर्षांत विभागून मोजायचा खर्च म्हणून दाखवल्यामुळे त्या काळाचा नफा फुगला. जून २००२ मध्ये हे उघड झाले तेव्हा जाहीर झालेली रक्कम ३.८ अब्ज डॉलर होती. पैसे खरोखरच दिले गेले होते, ज्यांना द्यायचे त्यांनाच दिले गेले होते, फक्त त्यांची नोंद खोट्या जागी झाली होती. याला ‘अफरातफर’ म्हटले, तर वाचक गहाळ झालेला पैसा शोधत बसेल.

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेले पत्र याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, असे त्यात म्हटले होते. जे कधी नव्हतेच, त्याचा अपहार झाला असे म्हणता येत नाही. ते आहे असे दाखवले गेले, हेच तिथले कपट. दोन्ही प्रकार एकत्र येऊ शकतात, कारण केलेला अपहार झाकण्यासाठी हिशेब खोटे मांडले जातात. म्हणूनच त्यांना दोन वेगळी नावे असणे अधिक गरजेचे आहे.

‘घोटाळा’ या शब्दाची अडचण निराळी आहे. बातम्यांमुळे त्याला भ्रष्टाचाराचा अर्थ चिकटला असला, तरी ‘तारखेचा घोटाळा झाला’ असे आपण निव्वळ गोंधळाबद्दलही म्हणतो, आणि तिथे कोणाचाही वाईट हेतू अभिप्रेत नसतो. लेखापरीक्षणात तर चूक आणि कपट यांना वेगळे करणारी एकमेव रेषा हेतू हीच आहे. ती रेषा पुसणारा शब्द या प्रकरणात असू नये. ‘गैरव्यवहार’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की नियमबाह्य खरेदीपासून लाचेपर्यंत सर्व काही त्यात मावते, त्यामुळे तोही सोडावा.

‘कपट’ मात्र ठेवावा. कायद्याच्या मराठीत ‘फ्रॉड’साठी तो रूढ आहेच, शिवाय ‘मनात कपट ठेवून’ या आपल्या नेहमीच्या प्रयोगात हेतू आधीच बसलेला आहे, तो वेगळा सांगावा लागत नाही.

आपण विचारलेला नसला तरी याच ओघात आणखी एक शब्द तपासावा, असे मी आग्रहाने सुचवतो. अशा पुस्तिकांमध्ये ‘मिसस्टेटमेंट’साठी बहुधा ‘चुकीची मांडणी’ असे लिहिलेले असते. मूळ संकल्पनेत मात्र चुकीमुळे आलेली आणि कपटामुळे आलेली अशा दोन्ही विसंगती येतात. ‘कपटामुळे झालेली चुकीची मांडणी’ असे लिहिले की वाक्याच्या पोटातच विरोध तयार होतो, कारण ‘चुकीची’ हा शब्द हेतूचा प्रश्न आधीच निकालात काढतो. ‘विपर्यास’ दुसऱ्या टोकाला जातो; कोणी विपर्यास केला म्हटले की दोषारोप आलाच. म्हणून ‘अयथार्थ मांडणी’ हा तटस्थ शब्द वरच्या पातळीवर ठेवावा आणि त्याखाली ‘चुकीमुळे’ व ‘कपटामुळे’ असे दोन फाटे करावेत. ‘मटेरियल’साठी ‘लक्षणीय’ पुरेसा आहे, पण त्याचा अर्थ केवळ मोठी रक्कम असा नव्हे, तर विवरणपत्रांच्या आधारे निर्णय घेणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल इतकी महत्त्वाची बाब, हे पहिल्या वापराच्या वेळीच सांगितले पाहिजे.

शीर्षक मी असे करीन: ‘वित्तीय विवरणपत्रांतील कपटपूर्ण मांडणीची जोखीम ओळखणे व जोखणे’. ‘अहवालन’ हे नाम घडवलेले आहे आणि वाचकाला ते अडखळवते. ‘मांडणी’ने काम भागते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे, म्हणून व्यवहाराच्या बाजूने काही भर घालतो.

पुस्तिकेत ‘कपट शोधणे’ असा प्रयोग असेल, तर तो बारकाईने तपासावा. विवरणपत्रे लक्षणीय अयथार्थतेपासून मुक्त आहेत याची वाजवी खात्री मिळवणे, हे लेखापरीक्षकाचे काम आहे, मग ती अयथार्थता चुकीमुळे आलेली असो वा कपटामुळे. वाजवी खात्री म्हणजे पूर्ण हमी नव्हे. कपटामुळे आलेली अयथार्थता नजरेतून सुटण्याची शक्यता चुकीपेक्षा अधिक असते, कारण ती लपवण्यासाठी कागद बनवले जातात, संगनमत केले जाते, खोटी उत्तरे दिली जातात. आणि कपट वरिष्ठ व्यवस्थापनाचे असेल, तर ती शक्यता आणखी वाढते. त्याचप्रमाणे एखादी कृती कायद्याने कपट ठरते की नाही, हा निर्णय लेखापरीक्षक देत नाही. म्हणून ‘कपटाची जोखीम’, ‘संशयित कपट’ असे लिहावे, आणि ‘कपट सिद्ध झाले’ हा प्रयोग न्यायालयासाठी राखून ठेवावा.

‘मॅनेजमेंट ओव्हरराइड’साठी काही ठिकाणी ‘नियंत्रणांचे उल्लंघन’ असे लिहिलेले मी पाहिले आहे, आणि ते मला पटत नाही. उल्लंघन कोणीही करू शकतो. इथे ज्यांनी नियंत्रणे, म्हणजे चूक व कपट रोखण्यासाठीच्या संस्थेच्या अंतर्गत पद्धती, घालून दिली, तेच आपल्या अधिकाराच्या जोरावर ती बाजूला सारतात. यासाठी मराठीत ‘डावलणे’ हे नेमके क्रियापद आहे, कारण डावलण्यात वरून दुर्लक्षिण्याचा अर्थ आहे. ‘व्यवस्थापनाने नियंत्रणे डावलण्याची जोखीम’ ही प्रत्येक संस्थेत असतेच असे मानक धरून चालते, आणि ‘आमचे व्यवस्थापन प्रामाणिक आहे’ या कारणाने ती वगळता येत नाही. तिच्यासाठी तीन गोष्टी कराव्याच लागतात. रोजकीर्दीतील नोंदी, विशेषतः वर्षाच्या अखेरीस केलेल्या आणि नेहमीच्या प्रक्रियेबाहेरून आलेल्या, तपासाव्या लागतात. बुडीत कर्जाच्या तरतुदीसारख्या अंदाजांत सातत्याने एकाच बाजूला कल दिसतो का, हे मागील वर्षांच्या अंदाजांशी ताडून पाहावे लागते. आणि नेहमीच्या व्यवसायाबाहेरचा एखादा मोठा व्यवहार असेल, तर त्यामागे व्यावसायिक कारण खरोखर आहे का, हे विचारावे लागते. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर मी नेहमी अधिक वेळ देतो. सुटा अंदाज कधीच खोटा दिसत नाही, प्रत्येकासाठी पटण्यासारखे स्पष्टीकरण तयार असते. पण दहा अंदाज शेजारी ठेवले आणि दहाही नफा वाढवणाऱ्या दिशेलाच झुकलेले निघाले, तर स्पष्टीकरणांचा अर्थ बदलतो.

‘प्रोफेशनल स्केप्टिसिझम’साठी ‘संशय’ किंवा ‘अविश्वास’ वापरू नये. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये निकाल लागलेला किंग्स्टन कॉटन मिलचा खटला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवला जातो. त्या गिरणीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाची किंमत काही वर्षे फुगवून दाखवली होती आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विसंबून ती स्वीकारली होती. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे सांगून न्यायालयाने त्यांना जबाबदारीतून मुक्त केले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ते प्रकरण आजच्या भाषेत कपटपूर्ण मांडणीचेच होते. आजचे मानक इतके सैल नाही. व्यवस्थापन अप्रामाणिक आहे असे ते गृहीत धरायला सांगत नाही, पण ते प्रामाणिक आहे या आपल्या समजुतीला पुराव्याच्या जागी बसवू देत नाही. ही भूमिका ‘चिकित्सक वृत्ती’ या शब्दाने बरोबर व्यक्त होते. ‘साशंकता’ चालेल, पण तीत मनाची घालमेल अधिक आणि पुराव्याची तपासणी कमी आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘अयथार्थ मांडणी’ आणि ‘डावलणे’ हे दोन्ही शब्द मी पुस्तिकेत घेत आहे. दोन शंका उरल्या आहेत. ‘असेसमेंट’साठी ‘मूल्यमापन’ ठेवावे की ‘निर्धारण’? आणि माणूस कपट का करतो हे तीन बाजूंनी सांगणाऱ्या ‘कपटाच्या त्रिकोणा’ची तिसरी बाजू पुस्तिकेत ‘तर्कसंगतीकरण’ अशी लिहिली आहे, ती मला कळत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘निर्धारण’ टाळावे. करनिर्धारणात रक्कम ठरवून मोकळे होतात, तसे जोखमीचे होत नाही. कामाच्या ओघात नवा पुरावा हाती आला की जोखमीचा अंदाज पुन्हा तपासावा लागतो, आणि तसे करणे मानकाला अपेक्षितच आहे. ‘मूल्यांकन’ मालमत्तेची किंमत काढण्यासाठी रूढ असल्याने तोही नको. ‘मूल्यमापन’ चालेल. मी ‘जोखणे’ सुचवले ते एवढ्यासाठी की त्यात तोलून पाहण्याचा अर्थ आहे आणि तोलणे पुन्हा करता येते.

त्रिकोणाची कल्पना डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाच्या १९५०च्या दशकातील संशोधनातून आली. त्याने सोपवलेल्या पैशाच्या बाबतीत विश्वासघात करून तुरुंगात गेलेल्या माणसांचा अभ्यास केला होता, म्हणजे त्याचा विषय अफरातफर हा होता. त्याच्या निष्कर्षांचे पुढे दबाव, संधी आणि तिसरी बाजू असे तीन कोन झाले. ही तिसरी बाजू म्हणजे तर्क सुसंगत करणे नव्हे; आपण करतो ते वाईट नाही, अशी माणसाने स्वतःचीच घातलेली समजूत. ‘आत्मसमर्थन’ लिहावे. ‘पैसे उसने घेतले आहेत, परत ठेवीन’ ही अफरातफर करणाऱ्याची समजूत असते. खोटी मांडणी करणारा बहुधा ‘कंपनी वाचवण्यासाठी एवढी एक तिमाही निभावून नेऊ’ असे म्हणतो. दबावही वेगळा असतो: तिथे घरचे कर्ज किंवा व्यसन, इथे बाजाराला दिलेले नफ्याचे आश्वासन, बँकेच्या कर्जाच्या अटी, किंवा नफ्याशी बांधलेला अधिकाऱ्यांचा मोबदला. पुस्तिकेतील उदाहरणे रोखपालाच्या गल्ल्यापुरती असतील, तर या प्रकरणासाठी ती बदलावी लागतील.

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

एक दुरुस्ती शुद्धलेखनाची. मसुद्यात ‘जोखीमीचे’ असे रूप असेल तर ते ‘जोखमीचे’ करावे. ‘तारीख’चे ‘तारखेचे’ होते तसेच.

आणि महसुलाच्या नोंदीसंबंधीचे वाक्य पाहावे. विक्री नोंदवण्यात कपटाची जोखीम आहे, हे लेखापरीक्षकाने आरंभीच धरून चालायचे असते. एखाद्या संस्थेच्या बाबतीत तसे नाही असे त्याला वाटले, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. यासाठी ‘अनुमान’ हा शब्द वापरला असेल, तर तो काढावा, कारण अनुमान पुराव्यावरून निघते आणि इथे पुराव्याआधीच भूमिका घ्यायची आहे. ‘गृहीत जोखीम’ असे लिहावे, आणि ती खोडता येते हेही त्याच परिच्छेदात सांगावे. नियंत्रणे डावलण्याची जोखीम मात्र खोडता येत नाही, म्हणून तिला ‘गृहीत’ न म्हणता ‘सदैव असणारी’ म्हणावे.