अनुभव धागा: ट्रकचा हँडब्रेक, प्रेशर आणि केबिनमधले खटके

धागा काढणारा

कारचा हँडब्रेक वायर ओढतो, अवजड ट्रकचा हवा सोडून देतो. मागच्या चाकांच्या डबल चेंबरमध्ये, ज्याला गॅरेजवाले बूस्टर म्हणतात, एक जाड स्प्रिंग दाबलेली असते. टाकीतली हवा तिला मागे रेटून धरते म्हणून गाडी चालते. केबिनमधली हँडब्रेकची कळ ओढली की ती हवा फुस्स करून बाहेर जाते, स्प्रिंग सुटते, दांडी पुढे सरकते आणि लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, चाकाच्या ड्रमला भिडतात. हवा असेल तर ब्रेक सुटलेला, हवा गेली तर लागलेला. नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं तरी निम्मं काम झालं.

रोज काय करता, कुठे फसतं, का फसतं, ते लिहा. पराक्रमाच्या कथा नकोत. पायऱ्या, आकडे आणि बिघाड हवेत.

मल्टीअॅक्सल, भिवंडी–नाशिक

किल्ली फिरवण्याआधी कळ पार्कला आणि गिअर न्यूट्रलला आहे का, ते हाताने चाचपायचं. स्टार्ट केल्यावर नजर दोन्ही प्रेशरवर, पुढचं सर्किट आणि मागचं. एक झटपट चढतंय आणि दुसरं रेंगाळतंय, तर त्या बाजूला गळती आहे.

हवा कमी असल्याचा बझर बंद झाला की लगेच कळ सोडायची, ही सर्रास चूक. बझर साधारण साडेचार-पाच बारला (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) थांबतो. स्प्रिंग पूर्ण मागे जायला ५ बार किंवा थोडं जास्तच लागतं, मॉडेलप्रमाणे फरक पडतो. मधल्या पट्ट्यात गाडी हलते खरी, पण लायनर ड्रमला घासत राहतात. दहा किलोमीटरवर मागून धूर, हबचं ग्रीस पातळ, आणि टायर तापला तर आग. काटा ७ च्या पुढे जाऊ द्या. पूर्ण भरल्यावर, म्हणजे ८ ते साडेआठ बारला (काही नव्या गाड्यांत १०), हवेतलं पाणी काढणारा ड्रायर जोरात शिंकतो. ती शिंक ऐकूनच निघायचं. भरण्यासाठी अॅक्सिलरेटर दाबून इंजिन किंचाळवू नका, थोडा वाढवलेला आयडल पुरतो.

कळ सोडताना तिच्या मानेवरची रिंग वर उचलायची, मग ढकलायची. रिंग न उचलता जोर लावला तर खाच झिजते, आणि झिजलेल्या खाचेतून कळ धक्क्याने निसटू शकते. लावताना शेवटपर्यंत ओढा, रिंग खाली बसल्याचा खट् आवाज आला पाहिजे. अर्धवट सोडलेली कळ म्हणजे अर्धा ब्रेक.

कळंबोली, ब्रेकचं काम

गळती शोधताना साबणाचं पाणी नंतर, आधी कान.

इंजिन बंद, प्रेशर पूर्ण, चाकांना ठोकळे. हँडब्रेक सोडा. मागच्या चेंबरमधून आता सूं ऐकू आलं तर स्प्रिंगकडचा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, गेला. हँडब्रेक सुटलेलाच ठेवून पायाचा ब्रेक दाबा. आवाज फक्त तेव्हा येत असेल तर पुढच्या भागातला डायफ्रॅम. तिसरी खूण बऱ्याच जणांना माहीत नसते. हँडब्रेक लावून पायाचा ब्रेक दाबल्यावर केबिनमधल्या कळेच्या बुडातून किंवा मागच्या क्विक रिलीज व्हॉल्व्हमधून (हवा झटकन बाहेर सोडणारा) हवा आली, तर चेंबरच्या मधल्या भिंतीचं सील गेलंय. पायाची हवा स्प्रिंगच्या खोलीत शिरून तिथून बाहेर पडते. लोक इथे कळ बदलतात, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

आणखी एक. हँडब्रेक लागलेला असताना पायाचा ब्रेक जोरात दाबून ठेवू नका. स्प्रिंगचा जोर अधिक हवेचा जोर, दोन्ही एकाच दांडीवर येतात. दोन्ही एकत्र न येऊ देणारा व्हॉल्व्ह गाडीत नसेल तर स्लॅक (दांडी आणि कॅमशाफ्टमधला, लायनरचं अंतर जुळवायचा जोड), कॅमशाफ्ट, ड्रम सगळ्यांवर दुप्पट मार.

धागा काढणारा

मेस्त्री, हवा पूर्ण गेली आणि गाडी हायवेच्या मधोमध अडकली, तर स्प्रिंग हाताने कशी मागे घ्यायची तेही लिहा. दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं.

कळंबोली, ब्रेकचं काम

लिहितो, पण क्रम पाळायचा.

१. आधी ठोकळे, चाकांच्या दोन्ही बाजूंनी. स्प्रिंग मागे गेली की ब्रेक नावाची गोष्ट उरत नाही. उतारावर ठोकळ्याशिवाय हे काम करणारा माणूस गाडीखालीच असतो, हे लक्षात ठेवा.

२. चेंबरच्या मागच्या टोकाला बोल्ट असतो. दोन प्रकार. एकात बोल्ट आतच बसवलेला, तो पान्याने उलटा, म्हणजे डावीकडे फिरवत बाहेर काढायचा. दुसऱ्यात टी-बोल्ट वेगळा, चेंबरच्या बगलेतल्या खिशात खोचलेला. मागची रबरी टोपी काढा, टी-बोल्ट आत घाला, पाव फेरा फिरवून अडकवा, ओढून बघा, मग नट उजवीकडे आवळत जा.

३. इम्पॅक्ट गन नको, हाताचा पाना. बोल्ट सात-आठ सेंटिमीटर बाहेर येतो. जागा घट्ट झाली की थांबा. दुसऱ्या गाडीची हवा जोडून प्रेशर देता आलं तर स्प्रिंग हवेनेच मागे जाते आणि पान्याला जोर लागत नाही.

४. मागच्या प्रत्येक स्प्रिंग चेंबरला हेच. एक राहिलं तर ते चाक घसटत जाईल.

गाडी दुरुस्त झाल्यावर बोल्ट परत सोडायला विसरतात. मग कळ ओढली तरी काहीच लागत नाही, आणि केबिनमध्ये दिवा मात्र लागतो, कारण दिवा हवेचं प्रेशर बघतो, लायनर नाही. आणि चेंबरची कड धरून ठेवणारी क्लँप रिंग कधीही खोलू नका. आतल्या स्प्रिंगचा जोर शेकडो किलोंचा असतो. ती सुटली की कोणाचं ऐकत नाही.

टिपर, खडी क्रशर

खदानीत उतरणीवर रिकामं करताना: हँडब्रेक, मग गिअर न्यूट्रल, मग पीटीओ (इंजिनाची ताकद हौदा उचलायला देणारा जोड). हौदा वर जाताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. आमच्यात फक्त पायाच्या ब्रेकवर हौदा उचलणारे आहेत. पाय घसरला की संपलं. हौदा पूर्ण खाली बसल्याशिवाय कळ सोडायची नाही, दगड अडकला असेल तर आधी खाली उतरून बघायचं.

कसारा घाट, कंटेनर

उतारात हँडब्रेकचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, ब्रेक फेल झाला तर हँडब्रेक ओढायचा. बरोबर, पण कसा? ही कळ सावकाश ओढली तर स्प्रिंगचा जोर हळूहळू येतो, मधल्या जागांवर तेवढाच ब्रेक लागतो. एकदम ओढली तर मागची चाकं जागेवर जाम होतात, लोड पुढे येतो आणि गाडी आडवी होते. सरळ रस्ता, सावकाश ओढ, स्टिअरिंग सरळ.

त्याहून मोठी गोष्ट, ती वेळ येऊच न देणं. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली, एक्झॉस्ट ब्रेकचा खटका चालू. एक्झॉस्ट ब्रेक सायलेन्सरकडे जाणारा धूर अडवून इंजिनाला दमवतो, म्हणून आरपीएम चढे असेल तेव्हाच त्याला ताकद येते. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की तो गेला. पायाचा ब्रेक सतत चोळत बसायचं नाही: ठरवलेला वेग ४० असेल तर ४० ला आल्यावर ठाम दाबून ३०-३२ पर्यंत आणा, पूर्ण सोडा, ड्रमला वारा लागू द्या. टुकटुक दाबत राहिलं तर प्रत्येक दाबाला हवा खर्च होते आणि ड्रम थंड व्हायला वेळच मिळत नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्यांनीच बदनाम केलाय. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की हवा भरणारा कंप्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंगही गेलं. टाकीत आहे तेवढीच हवा. वाचलेलं डिझेल कपभर.

घाट उतरून लगेच धाब्यावर थांबलात तर ड्रम तापून लाल असतो. तशात स्प्रिंग ब्रेक आवळून ठेवला तर ड्रमला तडा जाऊ शकतो, वाकडा होऊ शकतो. सपाट जागा बघा, ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा, ड्रम निवला की मग कळ ओढा.

४०७ आणि छोटा हत्ती

वरच्या सगळ्या गोष्टी एअर ब्रेकच्या. आमच्याकडे वायरच असते. हँडल पाच-सात दातांत (खटक्यांत) गच्च बसलं पाहिजे. दहा-बारा दात वर येत असेल तर वायर सैल किंवा लायनर संपलेत. आधी मागच्या चाकांतलं लायनरचं अंतर जुळवा, वायर शेवटी. उलटं करणारे वायर आवळतात आणि महिनाभरात परत येतात.

एक धोका मात्र मोठ्या-छोट्या सगळ्यांना लागू. काही हलक्या ट्रकमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. पंक्चर झालं, मागचं एक चाक जॅकवर उचललं, की शाफ्ट जाम असूनही डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं आणि जमिनीवरचं सुलटं फिरू शकतं. गाडी जॅकवरून घरंगळते. गिअरमध्ये टाकून ठेवलेल्या गाडीचंही तेच. जॅक लावण्याआधी जमिनीवरच्या चाकांना ठोकळे, बस्स.

पुलर-ट्रेलर, न्हावा शेवा

लाल पाइप म्हणजे पुलरकडून (ओढणाऱ्या ट्रककडून) ट्रेलरच्या टाकीला जाणारी कायमची हवा, पिवळा म्हणजे पायाच्या ब्रेकचा इशारा. लाल पाइप फुटला किंवा काढला की ट्रेलर आपोआप जाम होतो. म्हणून काही जण लाल पाइप काढतात आणि समजतात, ट्रेलर उभा राहिला. जुन्या ट्रेलरवर स्प्रिंग चेंबर नसतात. तिथे तो ब्रेक ट्रेलरच्या स्वतःच्या टाकीतल्या हवेने लागलेला असतो. रात्रभरात ती हवा झिरपली की ट्रेलर मोकळा. यार्डात आधी ठोकळे, मग पुलरचा हँडब्रेक, मग ट्रेलरचे पाय जमिनीला टेकवणं, पाइप काढणं, शेवटी किंगपिन (ट्रेलरची जोडखीळ) सोडणं. जोडताना किंगपिन बसल्यावर ट्रेलरचा ब्रेक लावून खालच्या गिअरमध्ये हलका हिसका द्या. पुलर पुढे गेला तर लॉक बसलेलं नाही.

युरोपीय बनावटीच्या कळेला पार्कच्या पुढे आणखी एक जागा असते, दाबून धरायची. तिथे ट्रेलरचा ब्रेक सुटतो आणि फक्त पुलरची स्प्रिंग राहते. उतारावर उभं करताना ती जागा दाबून बघा, पुलर एकटा गाडी धरतोय का. धरत नसेल तर तिथे उभं करू नका, कारण ट्रेलरच्या हवेचा रात्रभर भरवसा नाही.

न्यू जर्सी

इथे कळ नाही, दोन बटणं असतात. पिवळं चौकोनी, कोपऱ्यावर उभं केलेलं, ट्रकच्या पार्किंगचं. लाल अष्टकोनी ट्रेलरच्या हवेचं. ओढलं की लागतं, दाबलं की सुटतं. हाताला आकारानेच कळतं, अंधारात बरं पडतं.

लायसन्सच्या परीक्षेत हवेची चाचणी तोंडाने बोलत करून दाखवावी लागते. चाकांना ठोकळे, प्रेशर पूर्ण, इंजिन बंद, ब्रेक सुटलेले. एकट्या ट्रकची हवा मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको, ट्रेलरसह ३. मग पायाचा ब्रेक दाबून धरून ३ आणि ४. मग किल्ली फिरवून पाय दाबत-सोडत हवा कमी करायची. ६० पीएसआयच्या आधी इशारा वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान बटणं स्वतःहून बाहेर उडाली पाहिजेत. १४.५ पीएसआय म्हणजे १ बार, तिकडच्या काट्यावर हिशेब करून बघा. थंडीत ब्रेक ओले असताना हँडब्रेक लावू नये हेही शिकवतात. लायनर ड्रमला गोठून बसतात.

रत्नागिरी

आमच्याकडे बर्फ नाही, गंज आहे. जुलैत आठवडाभर हँडब्रेक लावून उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. प्रेशर पूर्ण, कळ सोडलेली, तरी गाडी हलत नाही. क्लचवर जोर काढू नका, प्लेट जळते. हलकं पुढे-मागे करा. नाही सुटलं तर ड्रमच्या कडेवर लाकडी दांडक्याने ठोका. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा, ठोकळे, आणि हँडब्रेक सुटलेला.

टिपर, खडी क्रशर

हँडब्रेक सोडून उभी ठेवायची? हवा उतरली की स्प्रिंग आपोआप बसणारच ना?

कळंबोली, ब्रेकचं काम

हो, एअर ब्रेकच्या गाडीत दोन-चार दिवसांत बसेलच. म्हणून रत्नागिरीकरांचा सल्ला वायरवाल्यांना लागू. मोठ्या गाडीची जास्त दिवस उभी राहण्याची वेळ आली तर वर सांगितल्याप्रमाणे मागच्या बोल्टने स्प्रिंग मागे बांधा, स्टिअरिंगला चिठ्ठी लटकवा: "स्प्रिंग बांधली आहे, ब्रेक नाही". रस्त्याकडेला हे चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: ड्रायव्हर सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी सोय केलेली असली पाहिजे. ही बांधाबांध फक्त आवारात, सपाटीला, ठोकळ्यांसह.

स्लॅकचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दांडीचा प्रवास वाढला की स्प्रिंगचा जोर कमी पडतो, कारण स्प्रिंग जेवढी उघडते तेवढी ढिली होते. म्हणजे चढावर हँडब्रेक न धरण्याचं कारण बहुतेक वेळा कळेत नसतं, स्लॅकमध्ये असतं. हाताने जुळवायचा स्लॅक असेल तर स्प्रिंग मागे घेऊन लायनर भिडेपर्यंत आवळा, मग ड्रम मोकळा फिरेपर्यंत थोडा परत सोडा. ऑटो स्लॅक वारंवार हाताने आवळावा लागत असेल तर तो खराब झालाय, किंवा कॅमचा बुश झिजलाय. आवळून फक्त दोष लपतो.

मल्टीअॅक्सल, भिवंडी–नाशिक

हवेच्या टाकीच्या खालच्या, पाणी काढायच्या रिंगा रोज संध्याकाळी ओढा. स्वच्छ पाणी आलं तर ड्रायरचं काडतूस बदलायची वेळ झाली. काळं तेल मिसळलेलं आलं तर कंप्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या.