शब्दचर्चा: ‘कायनेटिक’ म्हणजे गतिज? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावानं)

म्हापसा: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कलेवरच्या लेखात ‘कायनेटिक आर्ट’ला, म्हणजे हलणाऱ्या कलाकृतींना, ‘गतिज कला’ आणि ‘मशीन इमेजरी’ला, म्हणजे कलेत दिसणाऱ्या यंत्रांच्या रूपांना, ‘यंत्रप्रतिमा’ लिहिलंय. खटकतं का?

फोंडा: ‘गतिज’ खटकतं. गतिज ऊर्जा शिकलेला वाचक सूत्र शोधत बसेल. शिवाय गतिज म्हणजे गतीतून जन्मलेलं. इथे गती शिल्पात आहे. ‘चलशिल्प’ घ्या.

डिचोली: अमेरिकन शिल्पकार काल्डरच्या वाऱ्यावर डुलणाऱ्या पत्र्यांना चलशिल्प शोभेल, पण स्विस शिल्पकार टँगलीच्या कामाला? १७ मार्च १९६० ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्यानं सायकलची चाकं, पियानो, मोटरी जोडून स्वतःलाच मोडणारं यंत्र चालवलं. सत्तावीसेक मिनिटांत आग लागून अग्निशामकांना धावावं लागलं. तिथे ‘यांत्रिक शिल्प’च हवं.

फोंडा: गंमत अशी, की हलत्या शिल्पाला ‘मोबाइल’ हे नाव फ्रेंच कलावंत द्युशाँनं १९३१ साली काल्डरच्या मोटरवरच्या कामांना दिलं. नाव वाऱ्याकडे नंतर सरकलं. म्हणून चलशिल्प दोन्हींना चालेल. मोटर असेल तर ‘मोटरचं’ जोडा.

मडगाव: गोव्यात दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्यांकडे सोपा शब्द आहे: हलता. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर गोल फिरते, पुतळ्याचा हात मात्र वरखाली हवा. म्हणून मोटरच्या फिरत्या आसावर (शाफ्टवर) क्रँक, म्हणजे आडवी पट्टी, आणि क्रँकपासून हातापर्यंत दांडा. क्रँक ५ सेंमीचा असला तर दांडा १० सेंमी सरकतो. खांद्यामागे वजन बांधून हात तोलला नाही, तर वर उचलताना मोटरवर ताण येतो, ती तापते आणि क्रँकचा नट ढिला होत जातो. स्प्रिंग वॉशर घातलेला बरा. थोडक्यात मोटर फिरते, हात हलतो. ‘हलतं शिल्प’ कुणालाही कळेल.

म्हापसा: पटलं. ‘यंत्रप्रतिमा’चं काय?

फोंडा: तिथे जास्त घोळ. संस्कृतात यंत्र म्हणजे आवरून धरणारं साधन, आणि चित्रकलेत श्रीयंत्रही यंत्रच, म्हणून जी. आर. संतोष यांच्या तंत्रमार्गी चित्रांबद्दल लिहिताना दुसराच अर्थ लागतो. त्यात प्रतिमा म्हटलं की देवळातली मूर्ती आठवते. ब्रिटिश शिल्पकार पाओलोत्सीचंच घ्या. यंत्रांचे नि खेळण्यांचे सुटे भाग मातीत दाबायचे, त्या ठशांवर मेण ओतायचं, मेणाचे पत्रे जोडून आकृती करायची आणि मग ब्राँझचा ओतीव पुतळा. पुतळ्यात एकही चाक फिरत नाही, फक्त खुणा उरतात. अशा कामाला ‘यंत्राचे ठसे’ लिहा, आणि चित्रात यंत्र रंगवलेलं असेल तर सरळ ‘यंत्रचित्रण’.